सिडनीचे हरवलेले रान

डोंगरावरचे एखादे रान तुटले, तर ते गावाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. उघडा पडलेला उतार दुरूनही दिसतो, सरपणासाठी जाणाऱ्या बायकांना कोस दोन कोस अधिक चालावे लागते, आणि पहिल्याच पावसात ओढ्याला तांबडे पाणी येते. परंतु एखाद्या मोठ्या नगराच्या अगदी दारातून सुमारे ७० किलोमीटर लांबीचे रान नाहीसे व्हावे आणि तेथील लक्षावधी नागरिकांना त्याचा पत्ताही लागू नये, हे संभवते काय? ऑस्ट्रेलिया खंडातील सिडनी नगरीत असे खरोखर घडले. कारण ते रान डोंगरावर नव्हते. ते समुद्राच्या पाण्याखाली होते.

समुद्राचा तळ म्हणजे नुसती वाळू आणि चिखल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. किनाऱ्यालगत जेथे तळ खडकाळ असतो आणि पाणी इतके उथळ असते की सूर्यप्रकाश खडकापर्यंत पोहोचावा, तेथे सागरी शैवाले दाटीने वाढतात. रंगावरून त्यांचे हिरवी, तांबडी आणि तपकिरी असे तीन वर्ग मानले जातात. त्यांपैकी आकाराने सर्वांत मोठी होतात ती तपकिरी शैवाले. त्यांच्या अंगी हरितद्रव्य असतेच. परंतु फ्युकोझँथिन नावाचे आणखी एक रंगद्रव्य असते, आणि त्याच्या योगाने हिरवा रंग झाकला जाऊन शैवाल तपकिरी दिसते. पाण्यातून गाळून खाली उतरणारा निळा-हिरवा प्रकाश टिपून घेण्यास हे रंगद्रव्य फार उपयोगी पडते.

शैवालांना खरी मुळे नसतात, खोड नसते, पाने, फुले, बिया यांपैकी काहीही नसते. व्यवहारात आपण त्यांना वनस्पती म्हणतो खरे. पण तपकिरी शैवालांचे कूळ जमिनीवरील वनस्पतींच्या कुळाहून फार प्राचीन काळापासून वेगळे आहे, असे आजचे शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा या पाठात पुढे कोठे ‘झाड’ किंवा ‘पान’ हे शब्द आले, तर ते केवळ सोयीसाठी वापरले आहेत असे समजावे.

सिडनीच्या किनाऱ्यावरून जे रान हरवले, ते फायलोस्पोरा या प्रजातीच्या तपकिरी शैवालाचे होते. या प्रजातीत एकच जाती आहे. तिचे शास्त्रीय नाव फायलोस्पोरा कोमोसा. तिचे पहिले वर्णन लाबियार्दिएर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केले. लापेरूझ नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी आपल्या जहाजांसह बेपत्ता झाला होता. त्याच्या शोधार्थ १७९१ मध्ये निघालेल्या मोहिमेबरोबर लाबियार्दिएर ऑस्ट्रेलियाकडे गेला होता. पुढे १८३९ मध्ये आगार्ड या स्वीडिश पंडिताने या शैवालासाठी स्वतंत्र प्रजाती स्थापून तिला फायलोस्पोरा हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘फायलॉन’ म्हणजे पान आणि ‘स्पोरा’ म्हणजे बीज. ‘कोमोसा’ हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ दाट केसांची, असा होतो. लाटांबरोबर मागेपुढे झुलणारा या शैवालाचा पसारा पाहिला, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या केशसंभाराचीच आठवण होते.

तेथील लोकांना मात्र हे पंडिती नाव ठाऊक नसते. ते त्याला ‘क्रेवीड’ म्हणतात. ‘क्रे’ हे क्रेफिशचे संक्षिप्त रूप. ज्या काटेरी कवचाच्या, लांब मिशांच्या प्राण्याला कोकणात आपण शेवंड म्हणतो, तिच्याच गोत्रातील प्राण्याला तेथे हे नाव आहे. ‘वीड’ म्हणजे तण. शेवंडी ज्याच्या आडोशाला राहतात ते तण, असा त्या नावाचा अर्थ. आपण त्याला शेवंडीचे शेवाळ म्हणू. तण म्हणणे काहीसे अन्यायाचे आहे. कारण तण हे नको तेथे उगवते, आणि हे शेवाळ तर हवे तेथेही पुन्हा उगवेना, अशी वेळ आली.

हे शेवाळ ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर आढळते. उत्तरेस पोर्ट मॅक्वारीपासून दक्षिणेकडे व मग पश्चिमेकडे वळून रोब या गावापर्यंत, आणि समुद्रापलीकडील टास्मानिया बेटाभोवती, असा त्याचा विस्तार आहे. त्याला थंड पाणी मानवते, आणि आश्चर्य हे की लाटांचा मार जेथे जोराचा असतो अशाच उघड्या खडकांवर ते उत्तम वाढते. ओहोटीच्या रेषेच्या खाली, फार खोल नसलेल्या पाण्यात त्याची दाटी असते. वाढलेले झाड दोन-अडीच मीटर लांब होते, म्हणजे धिप्पाड माणसाहूनही उंच.

एवढा मोठा देह लाटांच्या माऱ्यात टिकतो कसा? झाडाच्या तळाशी शंकूच्या आकाराचे एक बूड असते. त्याला स्थापनांग म्हणतात. ते मुळासारखे दिसले, तरी त्याचे काम मुळाचे नव्हे. खडकातून ते पाणी किंवा क्षार शोषून घेत नाही. क्षार तर भोवतालच्या पाण्यातूनच सर्वांगाला मिळतात. स्थापनांगाने खडक घट्ट धरून ठेवावा, एवढेच त्याचे कर्तव्य. त्यातून वर चपट्या पट्ट्यासारखा चिवट दांडा निघतो. दांड्याच्या दोन्ही कडांना अरुंद, लांबट पाने फुटतात आणि पानांमध्ये अंड्याच्या आकाराच्या हवेच्या पिशव्या असतात. या पिशव्यांमुळे झाड पाण्यात वर उचलले जाते आणि त्याची पाने प्रकाशाकडे पसरतात. लाट आली की सारे झाड तिच्याबरोबर आडवे होते, लाट ओसरली की पुन्हा उभे राहते. पुराच्या पाण्यात ताठ उभी असलेली झाडे मोडतात आणि लवणारे लव्हाळे वाचते, त्यातलाच हा प्रकार.

तुमच्यापैकी जी मुले मालवण, रत्नागिरी या भागांत राहतात, त्यांना अशा पिशव्या नवीन वाटणार नाहीत. पावसाळा सरल्यावर तेथील खडकांवर ओहोटीच्या वेळी सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ दिसते. त्याच्या फांद्यांवर मण्यांएवढे हवेचे फुगे असतात, आणि ते बोटांनी दाबून फोडण्याचा खेळ किनाऱ्यावरची मुले खेळतात. सरगॅसम आणि फायलोस्पोरा ही एकाच गणातील शैवाले आहेत. म्हणजे शेवंडीचे शेवाळ कोकणच्या शेवाळाचे दूरचे भावंडच म्हणावयाचे.

आता या रानात वस्ती कोणाची असते, ते पाहू. पाने एकमेकांना लागून छप्पर तयार होते. त्याखाली प्रकाश मंद असतो आणि पाण्याचा जोरही काहीसा कमी होतो. पानांवर सूक्ष्म कवचधारी जीव आणि गोगलगाई चरत असतात. त्यांना खाण्यासाठी लहान मासे येतात, लहान माशांमागे मोठे मासे येतात. खडकांच्या कपारींत शेवंडी दबा धरून बसतात. अबलोनी नावाची एक मोठी सागरी गोगलगाय असते. तिचे शिंपले आतून मोत्यासारखे चमकते आणि मांसाला मोठी किंमत येते. तीही येथे राहते. शेवंडी आणि अबलोनी यांवर त्या भागातील कित्येक कोळ्यांचा चरितार्थ चालतो. याच किनाऱ्यावर एक्लोनिया नावाचे दुसरे मोठे तपकिरी शैवाल आहे. एक रान गेले तर दुसरे आहेच की, असे कोणास वाटेल. परंतु शास्त्रज्ञांनी दोन्ही रानांतील जीवांची मोजदाद केली, तेव्हा फायलोस्पोराच्या रानात अबलोनींची संख्या अधिक आढळली, आणि पानांवर राहणाऱ्या बारीक जीवांचा मेळही निराळा निघाला. आंब्याच्या झाडावरचे सगळेच पाहुणे वडावर उतरत नाहीत, तसेच हे आहे.

असे हे रान सिडनीच्या किनाऱ्यावरून गेले कसे?

सिडनी हे समुद्रकाठचे मोठे नगर. एवढ्या वस्तीचे सांडपाणी कोठे तरी सोडावे लागणारच. नॉर्थ हेड, बाँडी आणि मलबार अशा तीन ठिकाणी ते मोठ्या नळांवाटे किनाऱ्याच्या कड्यांपाशीच समुद्रात सोडले जात असे. (हे मलबार सिडनीचे एक उपनगर आहे, आपल्या केरळातील मलबारशी त्याची गल्लत करू नये.) नगर वाढत गेले तसे सांडपाणीही वाढले. त्यात घरांतील मैला होता, कारखान्यांतून येणारी द्रव्ये होती, आणि त्यावर होणारी शुद्धीकरणाची क्रिया मात्र अगदीच जुजबी होती. १९७० नंतरच्या दोन दशकांत ही घाण इतकी वाढली की पुळणीवर पोहायला येणारे लोक त्रासून गेले. १९८९ मध्ये बाँडीच्या पुळणीवर या प्रदूषणाविरुद्ध नागरिकांचा प्रचंड मेळावा भरला. पाण्याच्या पृष्ठभागावरची घाण लोकांना दिसत होती, तिचा वास येत होता, म्हणून त्यांनी आवाज उठविला. त्याच काळात पाण्याखाली एक रान मरत होते. त्याचा मेळाव्याला पत्ता नव्हता, आणि त्यात मेळाव्याचा दोष नाही. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी कोण आवाज उठविणार?

पुढे १९९० व १९९१ या वर्षांत या तीनही ठिकाणी समुद्रतळाखालून लांब बोगदे खोदून सांडपाणी किनाऱ्यापासून दोन ते चार किलोमीटर दूर, खोल पाण्यात सोडण्याची व्यवस्था झाली. किनाऱ्यालगतचे पाणी पुष्कळ निवळले. पोहणारे परतले. पाणी सुधारले म्हणजे सगळे सुधारले, असे सर्वांनी मानले.

२००८ मध्ये मेलिंडा कोलमन आणि त्यांचे सहकारी यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी किनाऱ्यावर ठिकठिकाणी पाण्याखाली पाहणी केली होती. सिडनीच्या उत्तरेस शेवंडीचे शेवाळ विपुल होते, दक्षिणेसही विपुल होते. पण उत्तरेकडील पाम बीचपासून दक्षिणेकडील क्रोनुलापर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे नेमक्या सिडनी नगरासमोर, त्याचे एकही रान उरले नव्हते. माळेतील मधलेच मणी गळून पडावे, तसा हा प्रकार होता.

परंतु येथे एक शंका निघते. त्या पट्ट्यात ते शेवाळ पूर्वी तरी होते कशावरून? कदाचित तेथे ते कधीच उगवत नसेल! या शंकेचे उत्तर जुन्या कागदांनी दिले. वनस्पतिसंग्रहालयांत शैवालांचे नमुने वाळवून जतन करण्याची पद्धत आहे. पाण्याने भरलेल्या परातीत जाड कागद बुडवून त्यावर शैवाल पसरतात, कागद हलकेच वर उचलतात आणि दाबाखाली वाळवितात. पुष्कळदा शैवालाच्या अंगचा चिकट रसच त्याला कागदावर चिकटवून ठेवतो. मग कागदाच्या कोपऱ्यात स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहितात. असे नमुने आणि जुन्या अभ्यासकांची वर्णने यांवरून सिद्ध झाले की सिडनीच्या खडकांवर हे शेवाळ एके काळी खरोखरच होते. ज्यांनी हे कागद जपले, त्यांच्यापैकी कित्येकांना आपण काय जपून ठेवीत आहोत याची कल्पनाही नसेल. हरवलेल्या रानाची साक्ष देणारे तेवढेच उरले होते.

रान नाहीसे होताना कोणी पाहिले नाही, म्हणून त्याचे कारण आज पुराव्यांची सांगड घालूनच ठरवावे लागते. सांडपाण्याचा लोंढा सर्वांत मोठा होता त्याच काळात ते गेले, आणि नेमके त्याच पट्ट्यातून गेले. शिवाय प्रयोगशाळेतील कसोट्यांत असे दिसले होते की या शेवाळाचे कोवळे अंकुर सांडपाण्यातील दूषित द्रव्यांपुढे फारच दुबळे ठरतात. मोठी झाडे काही काळ टिकली, तरी नवी पिढी उगवेनाशी झाली की रान म्हातारे होऊन संपणारच. म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ सांडपाण्यालाच मुख्य अपराधी मानतात.

बरे, १९९१ नंतर पाणी स्वच्छ झाले. मग रान आपोआप का परतले नाही? याचे उत्तर या शेवाळाच्या वंशवृद्धीच्या रीतीत आहे. पपईच्या झाडांत जसे नर वेगळे आणि मादी वेगळी असते, तसेच यांच्यातही असते. मादीझाडाच्या अंडपेशींचा नरझाडाच्या पेशींशी संयोग होऊन जो अंकुर तयार होतो, तो फार दूर न वाहता बहुधा आईबापांच्या आसपासच खडकावर बसतो. वडाची फळे पक्षी दूर नेतात, सावरीच्या कापसाला वारा उडवून नेतो. या शेवाळाच्या अंकुराला असा वाहक मिळत नाही. एखादे झाड लाटेने उपटले गेले, तर हवेच्या पिशव्यांमुळे ते तरंगत दूर जाते खरे. पण एकटी मादी किंवा एकटा नर कोठे जाऊन अडकला, तर त्याने संसार कसा थाटावा? तेव्हा दोन्ही टोकांना रान असूनही मधला ७० किलोमीटरचा पट्टा तसाच उजाड राहिला. त्या खडकांवर इतर शैवालांनी आणि काटेरी सागरी अर्चिनांनी आपले बस्तान बसविले. १९९० नंतर जे तरुण पाण्यात बुडी मारावयास शिकले, त्यांना तो खडक तसाच दिसला, आणि तो पहिल्यापासून तसाच असावा, असे त्यांना वाटले तर नवल नाही.

यावर उपाय एकच होता. अंकुर जर स्वतः येत नसतील, तर आईबापांनाच उचलून आणावयाचे! न्यू साउथ वेल्स विद्यापीठ आणि सिडनीची सागरी विज्ञान संस्था यांतील संशोधकांनी २०११ मध्ये हा प्रयोग केला. पाणबुड्यांनी जेथे रान शाबूत होते तेथून काही वाढलेली झाडे बुडासकट अलगद सोडविली, ती ओलसर ठेवून नौकेने आणली, आणि लाँग बे व केप बँक्स या दोन ठिकाणी पाण्याखालच्या उघड्या खडकांवर लावली. लावली म्हणजे कशी? सुटलेले स्थापनांग पुन्हा खडक धरीत नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या जाळीचे तुकडे खडकाला पक्के बसविले आणि झाडे त्या जाळीला बांधली. भाताची रोपे लावणाऱ्याचे पाय चिखलात असतात. येथे लावणी करणाऱ्यांना पाठीवर हवेची नळकांडी घेऊन, लाटांचे हेलकावे सोशीत काम करावे लागले.

मोठी झाडे नव्या जागी जगली. म्हणजे पाणी आता त्यांना मानवते आहे, हे ठरले. परंतु खरी परीक्षा निराळीच होती. उपरी झाडे जगणे म्हणजे रान परतणे नव्हे. काही महिन्यांनी पाणबुडे पुन्हा खाली उतरले, तेव्हा जाळीच्या भोवतालच्या खडकावर त्यांना इवलेसे तपकिरी अंकुर दिसले. त्यांना कोणी बांधले नव्हते. आपल्याच बुडाने खडक धरून ते उभे होते. दोन्ही ठिकाणी यश सारखे मिळाले नाही. लाँग बे येथे मात्र पिल्लांची दाटी झाली, आणि पुढे ती मोठी होऊन त्यांनाही पिल्ले झाली.

त्यानंतर या कार्याला ‘ऑपरेशन क्रेवीड’ असे नाव देऊन त्याचा विस्तार करण्यात आला. मॅनली, बाँडी यांसारख्या नागरिकांच्या नित्य परिचयाच्या किनाऱ्यांवरही लावणी झाली. २०१६ मध्ये बाँडी येथे समुद्रकाठी भरलेल्या शिल्पप्रदर्शनात या लावणीलाच स्थान मिळाले, आणि ज्यांनी कधी पाण्यात डोके घातले नव्हते अशा लोकांनाही आपल्या पायथ्याशी एक रान होते, हे प्रथमच कळले. लावणीसाठी झाडे एकाच ठिकाणाहून न आणता निरनिराळ्या ठिकाणच्या रानांतून आणण्याची दक्षता संशोधकांनी घेतली. सगळी भावंडे एकाच घरची असली, म्हणजे एकाच दुखण्याने सगळी आडवी होण्याची भीती असते. नव्या पिढीची आनुवंशिक तपासणी केली तेव्हा ती जुन्या रानांइतकीच विविध निघाली.

७० किलोमीटरच्या मानाने हे काम अजून थोडे आहे. शिवाय नवी चिंताही आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे त्या किनाऱ्याचे पाणीही उबदार होत चालले आहे, आणि या शेवाळाला तर थंड पाणी हवे. उत्तरेच्या टोकाची राने किती काळ टिकतील, याकडे शास्त्रज्ञ लक्ष ठेवून आहेत.

तूर्त लावणी चालू आहे. पाणबुडे एका खडकावर झाडे बांधतात, काही महिन्यांनी येऊन अंकुर मोजतात. ते नीट रुजले आणि वाढीला लागले, म्हणजे जाळीचे काम संपते. मग ती खडकावरून सोडवून वर आणतात आणि नौका पुढच्या उघड्या खडकाकडे वळते.